आधी ठोकताळा, मग गुणाकार

काही वर्षांपूर्वी डिसेंबरच्या अखेरीस एका निवासी शिबिरात दोन दिवस राहण्याचा योग आला होता. शिबिरार्थी, व्यवस्थेतील कार्यकर्ते आणि पाहुणे मिळून ३१२ ताटे होती. कोठीची जबाबदारी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका चुणचुणीत तरुणाकडे होती. माणशी एका वेळेला ४० ग्रॅम तूरडाळ या हिशेबाने त्याने मोबाइलवर आकडे दाबले, दुकानदाराला द्यावयाची चिठ्ठी तयार केली आणि ती आचाऱ्याच्या हाती दिली. चिठ्ठीवर डाळ होती १२५ किलो. आचारी साठीचे गृहस्थ, शाळा चौथीतच सुटलेली. त्यांनी चिठ्ठी वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारले, "दादा, ही डाळ आज रात्रीची का पाडव्यापर्यंतची?"

तरुण गोंधळला. त्याने पुन्हा आकडे दाबले. "काका, मोबाइल बरोबर दाखवतोय. बारा हजार चारशे ऐंशी."

"दाखवत असंल. पण शंभर माणसाला चार किलो डाळ लागती. तीनशेला बारा. वरच्या बारा माणसांची अर्धा किलो धरा. सव्वाशे किलो आली कुठनं?"

गुणाकार बरोबरच होता. ग्रॅमचे किलो करताना हजाराऐवजी शंभराने भाग दिला गेला होता, इतकेच. चूक सुधारली, सगळे हसले आणि कामाला लागले. पण मला त्या तरुणाचा चेहरा विसरता आला नाही. दहावीला गणितात उत्तम गुण मिळवलेला तो मुलगा १२५ या आकड्याकडे पाहत होता आणि तो आकडा त्याला काहीही सांगत नव्हता. आचाऱ्याला तोच आकडा पाहताक्षणी खटकला, कारण चिठ्ठी हातात येण्यापूर्वीच उत्तर साधारण केवढे असणार हे त्यांच्या मनाशी पक्के होते. गणित शिकलेल्याकडे उत्तर होते आणि न शिकलेल्याकडे उत्तराची पारख होती. ही वाटणी आपल्या प्राथमिक शाळेत होते, आणि ती कशी होते हे पाहण्यासाठी चौथीच्या एका साध्या उदाहरणापासून सुरुवात करावी लागेल.

६७ गुणिले ३८. मूल आधी आठने गुणते. हातचे नीट धरले तर ५३६ ही पहिली ओळ येते. मग तीनने गुणते, २०१ येतात. हे तीन म्हणजे तीन दशक, अर्थात तीस. म्हणून दुसऱ्या ओळीत एककाच्या घरात शून्य मांडून २०१० लिहायचे असतात. ज्यांनी कधी वह्या तपासल्या आहेत त्यांना हे नवे नाही की, अनेक मुले नेमके ते शून्य विसरतात. ५३६ च्या खाली २०१ मांडतात, बेरीज करतात आणि ७३७ हे उत्तर पट्टीने दोनदा अधोरेखित करून वही मिटतात. बाई तांबड्या शाईने फुली मारतात आणि शेजारी लिहितात, 'शून्य विसरलास.' मुलगा दुसऱ्या दिवशी शून्य मांडतो. आठवड्याने पुन्हा विसरतो.

त्या मुलाला कोणी हे विचारत नाही की, बाळा, सदुसष्ट नुसते दहा वेळा घेतले तर किती? सहाशे सत्तर. मग अडतीस वेळा घेऊन सातशे सदतीसच कसे होतील? हा प्रश्न एकदा मनात रुजला की शून्याचा नियम वेगळा पाठ करावा लागत नाही; चुकीचे उत्तर स्वतःच ओरडून सांगते की मी चुकलो आहे. त्याहून नेमके पाहायचे तर दोन्ही संख्या खाली ओढाव्यात: ६० गुणिले ३० हे १,८००. मग दोन्ही वर ओढाव्यात: ७० गुणिले ४० हे २,८००. खरे उत्तर या दोन कडांच्या मध्ये कुठेतरी असलेच पाहिजे. ६७ हे सत्तरच्या जवळ आणि ३८ हे चाळीसच्या जवळ, तेव्हा ते वरच्या कडेकडे झुकलेले असणार. गुणाकार करून पाहिला तर २,५४६ येतात. एक संख्या वर आणि दुसरी खाली ओढता आली तर अंदाज आणखी जवळ जातो, कारण एकीकडची वाढ दुसरीकडची घट भरून काढते. ६४ गुणिले ३८ साठी ६० गुणिले ४० धरले तर २,४०० येतात. खरे उत्तर २,४३२ आहे. हे करायला कागद लागत नाही. दहाच्या आतले पाढे आणि शून्ये मोजण्याची सवय एवढे भांडवल पुरते.

येथे पाढ्यांविषयी एक शब्द बोलून घेतो. पाढे म्हणजे घोकंपट्टी आणि घोकंपट्टी म्हणजे बुद्धीचा शत्रू, असे समीकरण गेल्या काही दशकांत शिक्षणतज्ज्ञांच्या वर्तुळात रूढ झाले. मला ते मान्य नाही. ज्याला सात चोक अठ्ठावीस हे क्षणात आठवत नाही, तो ७० गुणिले ४० चा अंदाज कसला करणार? ज्यांच्या वडिलांनी वा आजोबांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी म्हटली आहे, त्यांनी त्यांना बाजारात हिशेब करताना पाहिलेही असेल. ते पाढे आता परत येणार नाहीत. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, मागोमाग मेट्रिक वजने-मापे आली आणि पावकी-पाऊणकीचे रोजचे काम संपले. ते योग्यही झाले. मात्र दशमान पद्धतीत गुणाकार सोपा झाला तशी एक विशिष्ट चूकही सोपी झाली. एक शून्य वा एक बिंदू सरकला की उत्तर थेट दहापट किंवा एकदशांश होते, आणि आकडे मात्र तेच दिसत राहतात. शिबिरातल्या डाळीचे झाले ते हेच.

आता 'ताळा' या शब्दाकडे वळू. उत्तर बरोबर आहे की नाही हे पडताळून पाहण्याला मराठीत ताळा करणे म्हणतात. माणूस भरकटला की त्याला ताळ्यावर आणतात आणि हिशेब भरकटला की त्याचा ताळा पाहतात. भाषेने दोन्हींसाठी सारखाच शब्द राखला आहे. जुन्या पिढीला 'नवाचा ताळा' माहीत असतो. संख्येतील अंकांची बेरीज करीत एका अंकावर यायचे आणि गुण्य, गुणक व गुणाकार यांचे ते अंक जुळतात का ते पाहायचे. ६७ चे तेरा, तेराचे चार. ३८ चे अकरा, अकराचे दोन. चार दुणे आठ. २,५४६ चे सतरा, सतराचे आठ. ताळा जुळला. ही पद्धत आपल्याकडे किती जुनी? साधारण दहाव्या शतकातील दुसऱ्या आर्यभटाच्या 'महासिद्धान्ता'त ती नियमरूपाने दिलेली आहे. कॅल्क्युलेटरशिवाय मोठमोठे गुणाकार करणाऱ्यांना उत्तर तपासण्याची गरज किती तीव्रतेने वाटत असेल, हे त्यावरून दिसते.

पण नवाचा ताळा सर्वज्ञ नाही. वरच्या मुलाचे चुकीचे उत्तर घ्या. ७३७ चे किती? सात, तीन, सात मिळून सतरा, सतराचे आठ. ताळा याही वेळी जुळतो! कारण दहाला नवाने भागले तर बाकी एक उरते. त्यामुळे संख्या एक घर डावीकडे सरकली काय किंवा उजवीकडे, नवाच्या ताळ्याला त्याचा पत्ताच लागत नाही. शून्य विसरणे आणि जास्तीचे शून्य मांडणे या चुका त्याच्या डोळ्यांदेखत निसटून जातात. अंकांची अदलाबदल होऊन २,५४६ चे २,५६४ झाले तरी तो गप्प राहतो. तेथे मात्र शेवटचा अंक उपयोगी पडतो: सात आठे छप्पन्न, म्हणून उत्तराच्या एककाच्या घरात सहाच हवेत, चार चालणार नाहीत. उलट हातचा एक विसरून २,५३६ आले, तर अंदाज ते पकडू शकत नाही. अठराशे आणि अठ्ठावीसशे यांच्यामध्ये तेही ऐटीत बसते. ते नवाचा ताळा पकडतो, कारण त्याचे सोळा आणि सोळाचे सात होतात.

म्हणजे पहारेकरी तिघे हवेत: अंदाज, एककाचा अंक आणि नवाचा ताळा. पण तिघांत मोठा कोण, असे मला विचाराल तर मी अंदाजाचे नाव घेईन. शेवटचा अंक चुकला तर दुकानात दोन-पाच रुपयांचा फरक पडतो. घर चुकले तर घरच बुडते. आणि 'ठोकताळा' या शब्दातही 'ताळा' बसलेलाच आहे, हे सहज लक्षात आणून देतो. ढोबळ अजमास हासुद्धा पडताळाच, अशी आपल्या भाषेची जाण आहे.

भाषेचेच आणखी एक उदाहरण देण्याचा मोह होतो. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्यावाचनाची 'वीस एक' ही पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादंग माजले ते वाचकांना आठवत असेल. विधिमंडळापासून वृत्तवाहिन्यांपर्यंत सगळीकडे मराठी अंकांच्या अस्मितेवर चर्चा झाली. त्या गदारोळात मराठी संख्यानामांचे खरे सामर्थ्य कोणी सांगितल्याचे मला स्मरत नाही. ४९ ला आपण एकोणपन्नास म्हणतो. एकोण म्हणजे एक ऊन, एकाने कमी. पन्नासाला एक कमी! जवळची सोयीची संख्या कोणती आणि तिच्यापासून आपण किती दूर आहोत, हे त्या नावातच सांगितले आहे. एकोणपन्नास सक किती? पन्नास सक तीनशे, त्यातून सहा वजा, दोनशे चौऱ्याण्णव. १७५ ला आपण पावणेदोनशे म्हणतो. पावणेदोनशे रुपयांच्या २४ वह्या घेतल्या तर दोनशेच्या हिशेबाने ४,८०० आणि पंचवीस-पंचवीस कमी म्हणून ६०० वजा, झाले ४,२००. मराठी बोलणारे मूल अंदाजाची ही युक्ती संख्यानामांबरोबरच शिकत असते. शाळेत मात्र आपण त्याला 'एकोणपन्नास म्हणजे चारावर नऊ' एवढेच सांगून मोकळे होतो.

आणि हे 'ऊन' फार मोठ्या घरातले आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'लीलावती' लिहिली. तिच्यातले गुणाकाराचे पहिले उदाहरण १३५ गुणिले १२ असे आहे. ग्रंथकर्त्याने एकच पद्धत सांगून विषय संपवलेला नाही. बाराचे आठ आणि चार असे खंड करा. १,०८० आणि ५४० मिळून १,६२०. बाराला तीन गुणिले चार असे फोडा आणि पाठोपाठ गुणा. किंवा गुणक आपल्या सोयीच्या संख्येने ऊन वा युक्त करून घ्या: बारातून दोन कमी करून दहाने गुणा, १,३५०, मग दोनपट म्हणजे २७० मिळवा. नाही तर बारात आठ मिळवून विसाने गुणा, २,७००; मग आठपट म्हणजे १,०८० वजा करा. प्रत्येक वाटेने उत्तर १,६२० च. या शेवटच्या रीतीत पहिले पाऊल अंदाजाचे आहे आणि दुसरे दुरुस्तीचे. जवळच्या सोयीच्या संख्येवर जाऊन उभे राहायचे, तेथून उत्तर केवढे आहे ते पाहायचे आणि मग नेमके अंतर भरून काढायचे. ज्याने १,३५० आणि २,७०० या दोन खुणा आधी पाहिल्या, त्याच्या हातून १६२ किंवा १६,२०० लिहिले जाणे कठीण.

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्यापन व्हावे यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तेथे मठ स्थापला, त्यासंबंधीचा तो लेख इ. स. १२०७ चा आहे. नातवाने आजोबांच्या ग्रंथांसाठी पाठशाळा काढावी, ही परंपरा याच मातीतली. त्या पाठशाळेचा वारसा आज कोठे आहे, असा प्रश्न मला पडत असे. गेल्या वर्षी त्याचे एक अनपेक्षित उत्तर वाचायला मिळाले.

२०२५ च्या आरंभी 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत विक्रीचे काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांचे हिशेब त्यांनी तपासले. बटाटे, कांदे, मासळी यांच्या भावांचे किचकट गुणाकार ही मुले गिऱ्हाईक समोर उभे असताना तोंडी आणि बिनचूक करीत होती. तेच आकडे शाळेच्या रीतीने कागदावर मांडून दिले की अडखळत होती. आणि जी मुले केवळ शाळेत जात होती त्यांची गत उलटी: कागदावरचे उदाहरण बऱ्यापैकी, बाजारातला हिशेब मात्र जमेना. बाजारातल्या मुलांची रीत काय होती? ४३ गुणिले ११ करायचे असेल तर ४३ चे दहापट ४३० धरायचे आणि त्यात आणखी ४३ मिळवायचे; ४७३. बारासाठी दहा धरून दोनपट मिळवणारे भास्कराचार्य आणि अकरासाठी दहा धरून एकपट मिळवणारा कोलकात्याचा भाजीवाला पोरगा, या दोघांची रीत एकच! मध्ये साडेआठशे वर्षे गेली. ती रीत बाजाराने जिवंत ठेवली आणि शाळेने टाकून दिली.

हे सारे मेकॉलेच्या माथी मारून मोकळे होता येईल, आणि आपल्याकडे ती सवयही आहे. धर्मपाल यांनी १९८३ मध्ये 'द ब्युटिफुल ट्री' या ग्रंथात, थॉमस मन्रो याने १८२२ मध्ये सुरू केलेल्या मद्रास इलाख्यातील पाहणीचे कागद उजेडात आणले. गावोगावच्या शाळांतून लेखन-वाचनाबरोबर हिशेबही शिकवला जात होता, हे त्यातून पुरेसे स्पष्ट होते. इंग्रजी अमदानीत ती व्यवस्था मोडली हे खरे. पण स्वातंत्र्य मिळून पाऊणशेहून अधिक वर्षे झाली आहेत. आजची प्रश्नपत्रिका मेकॉले काढत नाही, आपण काढतो.

आणि खरे दुखणे प्रश्नपत्रिकेतच आहे. धोरणाच्या कागदावर अंदाजाला कोणाचाच विरोध नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात अंदाज हे आवश्यक कौशल्य मानले आहे. पिकाच्या उताऱ्याचा अदमास बांधणाऱ्या शेतकऱ्याचा दाखलाही तेथे आहे. पाठ्यपुस्तकांत 'अंदाजे उत्तर सांगा' अशी उदाहरणे असतात. मग घोडे कोठे पेंड खाते? अंदाजाची ही उदाहरणे स्वतंत्र पाठ म्हणून येतात आणि पाठ संपला की संपतात. मुलेही हुशार असतात. '६७ गुणिले ३८ चे अंदाजे उत्तर काढा' असे विचारले की ती निमूटपणे पूर्ण गुणाकार करतात, २,५४६ काढतात, त्याचे २,५०० करतात आणि तो अंदाज म्हणून लिहितात. शिक्षकही बरोबरची खूण करतात. ज्याच्या आधाराने उत्तर तपासायचे तो अंदाजच उत्तरावरून काढला गेला! आरोपीने स्वतःच्या चारित्र्याचा दाखला स्वतः लिहून द्यावा, तसा हा प्रकार आहे. परीक्षेत गुण अंतिम उत्तराला आणि मांडणीच्या पायऱ्यांना मिळतात. अंदाजाला पायरी मानलेले नाही. ज्याला गुण नाही ते शिकवले जात नाही, हा आपल्या शिक्षणव्यवस्थेचा अलिखित पण सर्वांत काटेकोरपणे पाळला जाणारा नियम आहे.

त्यातच मुळात पाया कच्चा. ग्रामीण भारतातील २०२४ च्या 'असर' पाहणीत पाचवीतील साधारण ३० टक्के मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. उरलेल्या ७० टक्क्यांना आपण भागाकाराची पद्धत पुन्हा एकदा घोटून शिकवणार हे उघड आहे. मला वाटते, त्याआधी त्यांना प्रत्येक उदाहरणापूर्वी 'उत्तर शंभरच्या वर जाईल का खाली' एवढे विचारून पाहावे.

आता थोडे आपल्या घरातले बोलतो. दरवर्षी २२ डिसेंबरला रामानुजन यांच्या जयंतीनिमित्त राष्ट्रीय गणित दिवस साजरा होतो. फलक लागतात, भाषणे होतात, शून्य ही भारताची जगाला देणगी असल्याचे मुले पाठ म्हणून दाखवतात. अभिमान असावाच. पण ज्या घरात हा अभिमान आहे त्याच घरातल्या मुलाला आपल्या उत्तरात एक शून्य कमी पडल्याचे कळू नये, याची आपल्याला लाज वाटत नाही. वैदिक गणिताचे वर्ग आपल्या अनेक शाळांतून चालतात. भारती कृष्ण तीर्थ स्वामींचा तो ग्रंथ त्यांच्या पश्चात, १९६५ मध्ये, काशी हिंदू विश्वविद्यालयाने प्रसिद्ध केला. त्यातील सूत्रे अथर्ववेदाच्या उपलब्ध परिशिष्टांत आढळत नाहीत, हे ग्रंथाचे संपादक वासुदेवशरण अग्रवाल यांनीच सांगून ठेवले आहे. त्यामुळे नावाचा वाद येथे नको. पद्धत म्हणून ती सुंदर आहे. ९८ गुणिले ९७ करताना शंभराला दोन कमी, शंभराला तीन कमी, म्हणून ९,५०६. हेही आपल्या ओळखीचे 'ऊन'च. त्या ग्रंथात उत्तर पडताळण्याचेही सूत्र आहे. पण मी पाहिलेल्या दोन-तीन वर्गांत भर असे तो घड्याळावर. एका मिनिटात किती गुणाकार? अबॅकसच्या स्पर्धांतही हेच. पालक टाळ्या वाजवतात. सेकंदात गुणाकार करणारे यंत्र आज प्रत्येकाच्या खिशात आहे. त्याच्याशी वेगाची शर्यत लावून आपले मूल काय मिळवणार? यंत्राला जे येत नाही ते, म्हणजे 'हे उत्तर शक्य आहे का' हा प्रश्न विचारणे, त्याला शिकवायला हवे.

पूर्वीच्या अभियंत्यांना हे सक्तीने शिकावे लागे. १९७० च्या दशकात खिशातले कॅल्क्युलेटर येईपर्यंत त्यांच्या हाती स्लाइड रूलची पट्टी असे. ६७ गुणिले ३८ साठी ती पट्टी घर न सांगता केवळ दोन-पाच-पाच असे अंक दाखवी. उत्तर २५.५, २५५ की २,५५० हे तिला ठाऊक नसे. ते पट्टी धरणाऱ्याने डोक्यात ठरवायचे. पूल आणि धरणे बांधणारी एक अख्खी पिढी अशा रीतीने रोज शेकडो वेळा अंदाज करीत वाढली. कॅल्क्युलेटरने दशांशचिन्ह स्वतः मांडून दिले आणि ती सक्ती संपली.

चूक झाली तर काय होते? इस्पितळात जाऊन विचारा. लहान मुलांना औषधाची मात्रा वजनावर ठरते. दर किलोला १५ मिलिग्रॅम आणि मूल १२ किलोचे, तर १८० मिलिग्रॅम. दशांशचिन्ह सरकून दहापट मात्रा जाण्याच्या चुका जगभरच्या वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. रात्रपाळीच्या परिचारिकेने 'दहा किलोला दीडशे, म्हणजे बाराला त्याहून थोडे जास्त' एवढे आधी मनाशी म्हटले तर हातातल्या १,८०० या आकड्यापाशी ती थांबेल.

आमच्या व्यवसायाचे तर विचारू नका. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतील एका नामांकित वृत्तवाहिनीवर थेट प्रक्षेपणात सांगितले गेले की, एका धनाढ्य उमेदवाराने प्रचारावर उधळलेल्या ५० कोटी डॉलरमध्ये देशातील सुमारे ३३ कोटी नागरिकांना प्रत्येकी १० लाख डॉलर देता आले असते. निवेदक आणि पाहुण्या पत्रकार दोघांनी माना डोलावल्या. ५० कोटी आणि ३३ कोटी. माणशी दीड डॉलर! सगळ्यांना दहा-दहा लाख द्यायचे तर ३३० लाख कोटी डॉलर लागले असते. जगाने त्यांची यथेच्छ थट्टा केली. मी मात्र फार हसलो नाही. इंग्रजीतल्या मिलियन-बिलियनचे लाख-कोटी करताना मराठी वृत्तपत्रांच्या टेबलांवर किती शून्ये इकडची तिकडे होतात, हे मी तीस वर्षे पाहत आलो आहे. माझ्या हातूनही झाली आहेत. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांची सवय मी उचलली: कोणत्याही योजनेचा आकडा आला की तो लाभार्थ्यांच्या संख्येने भागून माणशी काय येते ते समासात लिहायचे. १,२०० कोटी आणि सव्वा कोटी माणसे, म्हणजे माणशी हजाराच्या आसपास. तेथे दहा हजार वा शंभर रुपये निघाले तर बातमी थांबवायची. मी कला शाखेचा पदवीधर. शाळेतले बीजगणित कधीच विसरलो. ही एक सवय मात्र रोज कामी येते.

या साप्ताहिकाच्या वाचकांत शिक्षक आहेत, आणि शाळांच्या व्यवस्थापन समित्यांवर काम करणारे कार्यकर्तेही पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी एक अगदी लहान सूचना करतो. येत्या सत्र परीक्षेत तिसरी ते पाचवीच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेत गुणाकाराचे उदाहरण चार गुणांचे असेल, तर त्यातील एक गुण अंदाजाला द्यावा. अंदाज उत्तराच्या आधी, डाव्या समासात, शाईने लिहायचा. नंतर खोडायचा नाही. अंदाज योग्य असेल आणि नेमके उत्तर चुकले तरी तो गुण मिळेल. अंदाज आणि उत्तर यांचा मेळ बसत नसताना मुलाने 'माझे उत्तर चुकले आहे, कोठे ते सापडले नाही' असे प्रामाणिकपणे लिहिले तर आणखी अर्धा गुण द्यायलाही माझी हरकत नाही. शिक्षक म्हणतील, अंदाज प्रत्येकाचा वेगळा येणार, तपासायचा कसा? ६७ गुणिले ३८ साठी कोणी २,८०० लिहील, कोणी २,४००, कोणी ७० गुणिले ३८ करून २,६६०. तिन्ही बरोबर धरावेत. ७०० लिहिणाऱ्याला जवळ बोलावून विचारावे की, बाळा, सदुसष्ट दहा वेळा घेतले तर किती होतात?